वगळलेल्या चाचण्यांच्या यादीत सापडलेला दोष

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्नच्या ड्रॉइंगच्या फाइली अधूनमधून तुटक्या निघायला लागल्या. डिझाइन विभागात लिनक्सच्या मशिनवर ड्रॉइंग तयार व्हायचं, एक छोटं टूल ते सर्व्हरवर टाकायचं, आणि शॉप फ्लोअरवर दुसऱ्या मशिनवर उघडलं की शेवटचा भाग गायब. असं रोज घडत नव्हतं आणि सगळ्याच फाइलींचं होत नव्हतं. स्टोअर्स आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळणाऱ्या काकांनी टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात फोन केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "सेव्ह झालं म्हणून दाखवतंय की हो सर, मग राहिलेली फाइल गेली कुठं?"

सर्व्हर दुसऱ्या एका पुरवठादारानं बसवलेला होता. लिनक्स, त्यावर एक्सएफएस ही फाइल प्रणाली (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था), आणि एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत, तिच्या तिसऱ्या आवृत्तीनं ऑफिसभर वाटलेली जागा. बसवून देताना त्यानं चाचणीचा अहवालही जोडला होता, आणि त्यात नापास चाचणी एकही नव्हती. काकांनी तो अहवाल फाइलला नीट लावून ठेवला होता. आम्ही सर्व्हरला हात लावण्याआधी तोच वाचायला घेतला, आणि या प्रकरणाचं उत्तर जवळजवळ सगळं त्याच कागदांत निघालं. फक्त ते 'पास'च्या यादीत नव्हतं. ते 'नॉट रन', म्हणजे 'चालवलीच नाही', असा शेरा असलेल्या, कोणी न वाचलेल्या लांबलचक यादीत होतं.

ज्या संचानं ही चाचणी झाली त्याचं नाव एक्सएफएसटेस्ट्स. एसजीआय कंपनीत एक्सएफएससाठी लिहिला गेलेला हा संच आज लिनक्सच्या बहुतेक सगळ्या फाइल प्रणालींसाठी वापरतात. एक्सटी४, बीटीआरएफएस, आणि नेटवर्कवरच्या एनएफएस व सिफ्ससाठीसुद्धा. त्याची रचना साधी आहे. प्रत्येक चाचणी म्हणजे एक शेल स्क्रिप्ट आणि तिच्यासोबत अपेक्षित उत्तराची एक फाइल. प्रत्यक्ष उत्तर त्या फाइलीशी ताडून बघायचं, फरक पडला तर नापास. चाचणीला दोन जागा लागतात. एक 'टेस्ट', जी टिकून राहते. दुसरी 'स्क्रॅच', जी चाचणीगणिक पुसून नव्यानं घडवली जाते.

मूळ अडचण या दुसऱ्या जागेपाशी आहे. स्थानिक डिस्कवर स्क्रॅच नव्यानं फॉरमॅट करता येते, हवी तेवढीच लहान करता येते, मधे कृत्रिम बिघाड घालता येतो. एनएफएसच्या क्लायंटकडे, म्हणजे सर्व्हरची जागा वापरणाऱ्या मशिनकडे, ती डिस्कच नसते. त्याच्यासमोर फक्त सर्व्हरनं देऊ केलेली एक डिरेक्टरी असते. त्यामुळे तिथे स्क्रॅच घडवणं म्हणजे आत असेल ते सगळं पुसून टाकणं. (चालू कामाची डिरेक्टरी चुकून स्क्रॅच म्हणून दिली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. चाचणीचा एक्सपोर्ट, म्हणजे तिच्यासाठी वाटलेली डिरेक्टरी, वेगळ्या व्हॉल्यूमवरच, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागावरच, ठेवावा, यात तडजोड करू नये.) प्रत्येक चाचणी सुरुवातीलाच आपली गरज सांगते: ब्लॉक डिव्हाइस (थेट डिस्क) हवं, ठरावीक आकाराची फाइल प्रणाली हवी, डिव्हाइस मॅपर (डिस्कच्या मधे खोटा थर घालू देणारी लिनक्सची सोय) हवा. गरज भागली नाही की ती 'नॉट रन' म्हणून बाजूला होते. संचाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, कारण जे करताच येत नाही त्याला नापास म्हणता येत नाही.

पण बाजूला झालेल्या त्या चाचण्या कोणत्या होत्या ते बघा. जागा संपल्यावर काय होतं ते तपासणाऱ्या, कारण त्यांना मुद्दाम छोटी केलेली डिस्क लागते. वीज गेल्यावर काय उरतं ते तपासणाऱ्या, कारण त्यांना डिस्क मधेच 'मारावी' लागते. म्हणजे कारखान्यात ज्या दोन गोष्टी हमखास घडतात, नेमक्या त्यांच्या चाचण्या नेटवर्कवर एकदाही चाललेल्या नव्हत्या.

आम्ही जागा संपण्यापासून सुरुवात केली. सर्व्हरवर डीएफ (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) मारून बघितलं तर जागा भरपूर होती. काकांनीही हेच सांगितलं होतं, की डिस्क अर्धी रिकामी आहे. मात्र लॉगमध्ये दिसलं की दुपारचा बॅकअप आपली तात्पुरती गठडी त्याच व्हॉल्यूमवर बांधतो आणि काम संपलं की पुसतो. त्या मधल्या वेळात व्हॉल्यूम काठोकाठ भरायचा, नंतर पुन्हा रिकामा व्हायचा. 'अधूनमधून' घडण्याचं कारण इथे सापडलं. पण टूल तरीही 'सेव्ह झालं' का म्हणत होतं, हा प्रश्न उरलाच.

स्थानिक डिस्कवर प्रोग्रॅमनं राइट केलं की फाइल प्रणाली जागा तिथल्या तिथे राखून ठेवते. जागा नसेल तर त्याच राइटला 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असं उत्तर मिळतं. एनएफएसवर क्लायंट तो मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत घेतो आणि राइटला 'झालं' म्हणून सांगतो. सर्व्हरकडे तो मागाहून जातो. सर्व्हर म्हणतो जागा नाही, पण तोवर राइट कधीच परतलेलं असतं. मग क्लायंट ती त्रुटी जपून ठेवतो आणि पुढच्या राइटला, एफसिंकला (मजकूर डिस्कवर पोचवायची मागणी) किंवा क्लोजला (फाइल बंद करणं) सांगतो. क्लोजचं उत्तर कोणी बघितलंच नाही तर ती तिथेच विरते.

आम्ही डिझाइन विभागातल्या मशिनवर तेच टूल एसट्रेसखाली (प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय मागतो आणि काय उत्तर मिळतं ते ओळीओळीनं दाखवणारं साधन) चालवलं आणि व्हॉल्यूम मुद्दाम भरून ठेवला. पडद्यावर राइटच्या ओळी एकापाठोपाठ एक आल्या, प्रत्येकीपुढे पूर्ण बाइटसंख्या. मग क्लोजची ओळ आली: उत्तर उणे एक, शेजारी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. त्याच्या लगेच खालच्या ओळीत टूल स्वतःच पडद्यावर 'सेव्ह झालं' लिहीत होतं. काका बाजूलाच उभे होते. त्यांना सी भाषा येत नाही, पण या दोन ओळी त्यांना आमच्याइतक्याच स्पष्ट दिसल्या. टूल सी मध्ये होतं, शेवटी एफक्लोज करायचं आणि त्याचं उत्तर टाकून द्यायचं. स्थानिक डिस्कवर राइटच्या वेळीच चूक कळत असल्यानं ही हयगय वर्षानुवर्षं खपून गेली होती.

आता चाचणी कशी बदलायची? इथे दोन सोपे मार्ग असतात आणि दोन्ही वाईट. पहिला, चाचणी वगळून टाकायची. ते पुरवठादाराच्या अहवालात आपोआप झालंच होतं. दुसरा, अपेक्षित उत्तराच्या फाइलीत एनएफएस जे काही देईल तेच 'बरोबर' म्हणून लिहून टाकायचं. मग चाचणी पास होते, पण कशाचीच राखण करत नाही. जुनी चाचणी एक वचन तपासत होती: जागा नसेल तर प्रोग्रॅमला ते कळलंच पाहिजे. नेटवर्कवरसुद्धा हे वचन कायम आहे. बदललंय ते फक्त कळण्याचं ठिकाण. म्हणून आम्ही चाचणी अशी लिहिली: राइट, एफसिंक, क्लोज यांपैकी कोणी तरी एकानं त्रुटी दिलीच पाहिजे. आणि कोणीच दिली नाही, तर फाइल बाइट-न-बाइट पूर्ण असली पाहिजे, तीही दुसऱ्या मशिनवरून वाचून. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण लिहिणाऱ्याच मशिनवरून वाचलं तर त्याच्या मेमरीतली प्रत समोर येऊ शकते आणि सगळं ठीक दिसतं. शेवटी जागा मोकळी करून पुन्हा लिहायचं, म्हणजे जुनी त्रुटी अडकून बसलेली नाही हेही कळतं.

छोटी डिस्क क्लायंटकडून घडवता येत नाही, पण सर्व्हर आपलाच असेल तर तिथे येते. सर्व्हरवर ५१२ एमबीची एक फाइल घेतली, लूप डिव्हाइस करून (म्हणजे फाइललाच डिस्क मानून) फॉरमॅट केली, आणि तिचा स्वतंत्र एक्सपोर्ट दिला. चाचणी सुरू होताना क्लायंट एसएसएचनं सर्व्हरला सांगतो, 'नवी घडव', आणि मग माउंट करतो, म्हणजे जोडून घेतो. एवढ्या जोडणीनं 'नॉट रन'मधल्या बऱ्याच चाचण्या धावायला लागल्या.

टूलची दुरुस्ती छोटी होती. तात्पुरत्या नावानं लिहायचं, एफसिंक करायचं, क्लोजचं उत्तर बघायचं, सगळं ठीक असेल तरच खऱ्या नावावर रीनेम करायचं. बॅकअपची गठडी दुसऱ्या व्हॉल्यूमवर हलवली. माउंट ४.२ आवृत्तीवर नेला, त्याचाही एक फायदा झाला: फालोकेट, म्हणजे जागा आधीच मागून ठेवणं, २०१६ च्या एनएफएस ४.२ च्या प्रमाणात आहे, १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत नाही. त्यामुळे फालोकेटच्या चाचण्याही 'नॉट रन'मधून बाहेर आल्या. अहवालावर एनएफएसची आवृत्ती छापलेली नसेल तर तो अहवाल अपुरा आहे असं मी म्हणेन.

दुसरा दोष विजेचा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते. एफसिंक 'झालं' म्हणाल्यावर वीज गेली तरी मजकूर टिकलाच पाहिजे, हे वचन एनएफएसही देतं. तपासण्यासाठी आम्ही सर्व्हरची हुबेहूब व्हर्च्युअल प्रत केली, क्लायंटवरून फाइल लिहून एफसिंक केलं, आणि उत्तर येताक्षणी त्या प्रतीची वीज तोडली. पुन्हा चालू केल्यावर फाइल रिकामी. कारण एक्सपोर्टच्या ओळीत 'असिंक' लिहिलेलं होतं. त्या पर्यायात सर्व्हर मजकूर डिस्कवर न टाकताच 'टाकला' म्हणून सांगतो. वेग वाढतो, पण हमी संपते. एनएफएस-यूटिल्सच्या (लिनक्सवरची एनएफएसची साधनं) १.०.० नंतरच्या आवृत्त्यांत मूळ पर्याय 'सिंक' आहे, म्हणजे हा शब्द कोणी तरी मुद्दाम लिहिलेला होता. आम्ही तो काढला. फाइली टाकायला थोडा जास्त वेळ लागेल हे मालकांना आधीच सांगितलं, आणि त्यांनी ते एका वाक्यात मान्य केलं.

आम्ही संच चालवल्यावर नापास झालेल्या बाकीच्या चाचण्या दोष नव्हत्या, पण त्या नीट ओळखण्यात जास्त काम गेलं. आमच्या टीममधली खानापूरची एक मुलगी या कामात रुळली. तिनं प्रत्येक नापास चाचणीपुढे एकच प्रश्न लिहायला सुरुवात केली: हे वचन कोणी दिलं होतं? फाइल प्रणालीनं, प्रोटोकॉलनं, की कोणीच नाही?

काही उत्तरं पटकन मिळाली. मालकी आणि परवानग्यांच्या चाचण्या रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूझर, म्हणून चालतात, आणि एनएफएस सर्व्हर मूळ पर्यायानं रूटला ओळखत नाही, त्याला 'नोबडी' करून टाकतो. चाचणीच्या एक्सपोर्टवर ही अट सैल करावी लागते, कामाच्या एक्सपोर्टवर कधीही करू नये. संच जे खास यूझर वापरतो ते सर्व्हरवरही त्याच क्रमांकाचे असायला हवेत. नेहमीच्या पद्धतीत क्लायंट यूझरचे जास्तीत जास्त १६ गटच सर्व्हरला सांगू शकतो, त्यामुळे त्याहून जास्त गटांच्या यूझरला हक्काची फाइलही उघडत नाही. हे सगळं मांडणीचं काम, वेळ खाणारं पण सरळ.

उघडी फाइल पुसण्याची चाचणी मात्र डोकं खाते. युनिक्सचा जुना नियम असा की फाइल उघडी असताना पुसली तर नाव जातं, मजकूर उघडणाऱ्यासाठी टिकतो. एनएफएसच्या सर्व्हरला कोणती फाइल कोणाकडे उघडी आहे हे मुळात माहीत नसायचं. म्हणून लिनक्सचा क्लायंट अशी फाइल न पुसता तिचं नाव बदलून ठेवतो. एलएस -ए केलं की डॉट एनएफएसनं सुरू होणारं, पुढे आकडे-अक्षरांची लांब शेपटी असलेलं नाव दिसतं. फाइल बंद झाली की क्लायंट तीही पुसतो. चाचणी फाइल पुसून लगेच डिरेक्टरी काढायला जाते आणि 'डिरेक्टरी नॉट एम्प्टी' ऐकते. इथे वचन होतं उघडणाऱ्याला मजकूर मिळण्याचं, आणि ते पाळलं गेलं होतं. डिरेक्टरी तत्काळ निघण्याचं वचन नेटवर्कवर कोणी देत नाही. नव्या चाचणीत आधी पुसलेल्या फाइलीतून मजकूर वाचून घेतो, मग ती बंद करतो, आणि त्यानंतर डिरेक्टरी निघालीच पाहिजे असं मागतो. बंद केल्यावरही ते नाव उरलं तर तो खरा दोष. दुसऱ्याच मशिनवरून फाइल पुसली गेली तर हा आसरा मिळत नाही, आणि वाचणाऱ्याला 'स्टेल फाइल हँडल' (ही फाइल आता नाही) अशी त्रुटी येते. तेही चाचणीत लिहून ठेवलं आहे.

वेळेच्या चाचण्या नापास होण्याचं कारण चाचणीतच होतं. चाचणी क्लायंटचं घड्याळ बघते, फाइल लिहिते आणि फाइलीची वेळ त्यानंतरची आहे का ते तपासते. पण लिहिल्याची वेळ सर्व्हर लावतो. सर्व्हरचं घड्याळ दोन सेकंद मागे असेल तर फाइल लिहिण्याआधीच लिहिली गेल्यासारखी दिसते. आम्ही क्लायंटचं घड्याळ चाचणीतून काढलं. आधी त्याच शेअरवर एक खुणेची फाइल करायची, आणि तिच्या वेळेशी तुलना करायची. दोन्ही मशिनवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) बसवलं ते वेगळं, कारण मेक (प्रोग्रॅम बांधायचं साधन) वापरणाऱ्यांना 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' हा इशारा त्याशिवाय सोडत नाही.

मला सगळ्यात मोठी उणीव वाटली ती वेगळीच. हा संच एका मशिनवरून चालतो. स्थानिक डिस्कला तेवढं पुरतं, पण नेटवर्कवरच्या फाइल प्रणालीचं कामच दोन मशिनना एक गोष्ट दाखवण्याचं आहे. एका क्लायंटवर सगळ्या चाचण्या पास होऊनही शॉप फ्लोअरवर जुनं ड्रॉइंग उघडू शकतं. एनएफएसचं वचन असं आहे: एकानं लिहून फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्यानं उघडली, तर दुसऱ्याला नवा मजकूर दिसेल. फक्त आकार किंवा वेळ विचारली तर जुनं उत्तर येऊ शकतं, कारण ती माहिती क्लायंट लिनक्सच्या मूळ मांडणीत फाइलींसाठी ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीसाठी ३० ते ६० सेकंद जपून ठेवतो. शॉप फ्लोअरच्या मशिनवर 'नवं ड्रॉइंग आलं का' असं सतत विचारणारी एक स्क्रिप्ट होती. 'फाइल नाही' हे उत्तरसुद्धा क्लायंट लक्षात ठेवतो, म्हणून फाइल येऊनही तिला काही वेळ दिसायची नाही. दुसरा क्लायंट जोडून आम्ही दोन चाचण्या लिहिल्या. बंद केल्यानंतर उघडलं तर नवा मजकूर लगेच, सवलत नाही. नवी फाइल यादीत दिसायला ६० सेकंदांची मुभा, त्यापुढे नापास. पुढे काकांना त्या स्क्रिप्टसाठी शून्य उशीर हवा होता, तेव्हा त्या एका माउंटवर लुकअपकॅशे (नाव शोधल्याची उत्तरं जपून ठेवणं) बंद केलं आणि त्या माउंटच्या चाचणीतली मुभाही काढून टाकली.

नावांच्या चाचण्या संचात आहेत, पण आपल्या लिप्यांसाठी आम्ही वेगळ्या लिहिल्या. सीमाभागातल्या ऑफिसात एकाच फोल्डरमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी नावं असतात. एक्सटी४ आणि एक्सएफएसवर नावाची मर्यादा २५५ बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्त धरून, ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपतं. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा यूटीएफ-१६ च्या २५५ एककांची असल्यानं तिथलं लांब मराठी नाव सर्व्हरवर कॉपी होतच नाही. 'दुसऱ्या पाळीचा हजेरीपट' यातला 'दुसऱ्या' हा शब्द २१ बाइटचाही असू शकतो आणि २४ बाइटचाही, कारण 'ऱ' युनिकोडमध्ये एका चिन्हानंही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्याला दोन्ही सारखेच. लिनक्सला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. कन्नडच्या 'ओ'च्या मात्रेचंही असंच आहे. चाचणी दोन्ही रूपांनी फाइली करते आणि दुसऱ्या क्लायंटवरून दोन्ही जशाच्या तशा परत येतात का ते बघते. एनएफएसवर आल्या.

सर्व्हर मधेच रीबूट झाल्यावर कुलूप (एकाच वेळी दोघांनी फाइल बदलू नये म्हणून घेतलेला ताबा) परत मिळण्याच्या चाचणीला आधी ३० सेकंदांची मर्यादा होती आणि ती दर वेळी नापास व्हायची. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर चालू झाल्यावर जुन्या क्लायंटना आपापली कुलपं परत मागायला मूळ मांडणीत ९० सेकंद देतो, तोवर नवं कुलूप कोणालाच मिळत नाही. चाचणी आता हा आकडा सर्व्हरकडूनच वाचून घेते.

फौंड्रीला दिलेल्या नव्या अहवालात 'नॉट रन'च्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिलं आहे, आणि त्याच्या जागी कोणती चाचणी चालवली तेही. काही ओळींपुढे 'पर्यायी चाचणी नाही' असंच लिहावं लागलं, उदाहरणार्थ फाइल प्रणाली गोठवण्याच्या चाचण्या. आता काम उरलंय ते अकाउंट्समधल्या विंडोज मशिनचं. त्यांना हीच डिरेक्टरी सांबातून (विंडोजला फाइली वाटणारा प्रोग्रॅम) दिसते. तिथे कुलपाचा नियम सक्तीचा, तर एनएफएसवर तो फक्त विचारणाऱ्यालाच लागू. एकाच फाइलीला दोन्ही बाजूंनी हात लागला तर कोणाचं कुलूप कोणाला दिसतं, याची चाचणी सध्या लिहितो आहोत. ती पूर्ण होईपर्यंत अकाउंट्सच्या फाइली वेगळ्या शेअरवर ठेवायच्या असं काकांशी ठरलं आहे.